हेलियमची हार्डडिस्क नाशिकच्या हवेत: निवड, बसवणी आणि नजर

लग्नाच्या हॉलमध्ये बांधलेला साधा रबरी फुगा संध्याकाळी छताला टेकलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीवर लोळत असतो. त्याला कुठेही भोक पडलेले नसते. हेलियमचा अणूच इतका लहान, की तो रबरातून पाझरून निघून जातो. हाच वायू एका डब्यात भरून पाच वर्षे आतच राखायचा, हे हार्डडिस्क बनवणाऱ्यांपुढचे खरे कोडे होते. हेलियम भरलेली पहिली डिस्क बाजारात यायला नोव्हेंबर २०१३ उजाडला. वेस्टर्न डिजिटलच्या मालकीच्या एचजीएसटी कंपनीची ती अल्ट्रास्टार एचई६. सात तबकड्या (डेटा ज्यांवर लिहिला जातो त्या फिरत्या चकत्या), सहा टीबी. आज १२ टीबी आणि त्यापुढची जवळपास प्रत्येक डिस्क याच जातीची असते. स्टुडिओ, सीए ऑफिस, सातपूर-अंबडचे कारखाने, द्राक्षांचे पॅकहाउस, सगळीकडे आता ती दिसते. मात्र पुष्कळ ठिकाणी ती जुन्या डिस्कसारखीच कुठेही, कशीही बसवली जाते.

आधी फायदा कुठून येतो ते पाहू, कारण पुढच्या बऱ्याच सूचना त्यातूनच निघतात. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या साडेतीन इंची डिस्कच्या तबकडीची कड ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने फिरते. एवढ्या वेगात हवा जड पडते. ती तबकडीला ओढते आणि तिच्यात भोवरे उठतात. त्या भोवऱ्यांनी तबकडीची कड फडफडते, हेडचा (डेटा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागाचा) हात थरथरतो. हेलियमची घनता हवेच्या साधारण एक सप्तमांश. ओढ कमी, फडफड कमी, म्हणून तबकड्या पातळ करता येतात, जवळजवळ रचता येतात आणि डेटाच्या रेघाही अधिक दाट मारता येतात. हवेच्या डिस्कमध्ये साधारण पाच-सहा तबकड्या मावत, तिथे त्याच २६.१ मिमी उंचीत ०.६३५ मिमी जाडीच्या नऊ-दहा तबकड्या बसू लागल्या.

विजेची बचतही होते, पण तिला भुलू नका. हेलियमची डिस्क रिकामी फिरताना साधारण ५ ते ६ वॅट घेते, तशाच दर्जाची हवेची ७ ते ८. दोन वॅटचा फरक धरला तर वर्षभर अखंड चालून एका डिस्कमागे सतराएक युनिट वाचतात. खरी कमाई आहे ती एका कप्प्यात मावणाऱ्या टीबींची: चार डिस्कचे काम दोघींवर आले, की कप्पे, केबल, पंखे आणि बिघाडाच्या जागा सगळेच निम्मे होतात.

घरी वायू भरायचा विचार असेल तर

जुनी डिस्क एखाद्या हवाबंद डब्यात ठेवून फुगेवाल्याच्या सिलिंडरमधून हेलियम भरला तर, हा प्रश्न हुशार पोरांकडून हमखास येतो. उत्तर स्पष्ट नाही असे आहे, आणि कारणे समजून घेण्याजोगी आहेत.

साध्या डिस्कच्या झाकणावर एक बारीक छिद्र असते आणि शेजारी ते झाकू नका अशी सूचना छापलेली असते. आत गाळणी असते. डिस्क या छिद्रातून श्वास घेते, म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा राहतो. डब्यात हेलियम भरला, की तो याच वाटेने हळूहळू आत शिरेल. तिथेच घोटाळा होतो. हेड तबकडीला टेकत नाही, वायूच्या गादीवर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. साध्या डिस्कच्या हेडचा तळ हवेच्या जडपणाचा हिशेब धरून कोरलेला असतो. गादी हलकी झाली की हेड खाली बसते, तबकडीला घासते आणि डिस्क कायमची जाते. पूर्ण निर्वातही चालत नाही तो यामुळेच. गादीच उरत नाही.

दुसरा वायू? नायट्रोजनची घनता जवळपास हवेइतकीच, त्यामुळे ओढ कमी होत नाही. आतली हवा कोरडी होते एवढेच. आर्गॉन तर हवेपेक्षा जड. हायड्रोजन हेलियमपेक्षाही हलका, पण पेट घेणारा. आणि कुठलाही वायू भरला तरी बंद डब्यात डिस्कची सात-आठ वॅट उष्णता कोंडते ती कोंडतेच. कारखान्यात हेलियमच्या डिस्कला रबरी पट्टीच्या झाकणावर दुसरे पातळ धातूचे झाकण लेझरने वेल्ड करतात, विजेच्या तारा बाहेर काढायची जागाही वेगळी सीलबंद करतात आणि हेड मुळातच हेलियमसाठी घडवलेले असते. हे सगळे मिळून ती डिस्क होते. वायू सर्वांत सोपा भाग आहे.

किती आणि कोणती घ्यायची

आधी गरजेचा हिशेब मांडा. सीसीटीव्हीसाठी तो सोपा आहे. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ (व्हिडिओ आकुंचित करायची पद्धत) वर ४ एमबीपीएसला (सेकंदाला ४ मेगाबिट) लावला, तर सेकंदाला अर्धा एमबी, दिवसाला ४३.२ जीबी. असे १६ कॅमेरे दिवसाला ६९१ जीबी लिहितात आणि ३० दिवसांचे होतात २०.७ टीबी. म्हणजे १२ टीबीच्या दोन डिस्क, थोडी सैल जागा ठेवून. मात्र डिस्क विकत घेण्याआधी एनव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या) माहितीपत्रकात एका कप्प्याची कमाल क्षमता पाहा. बरेच एनव्हीआर ६, ८ किंवा १० टीबीवर थांबतात. त्यात १६ टीबी टाकली तर ती दिसत नाही किंवा चुकीच्या आकाराची दिसते. आणि १२ टीबीची डिस्क विंडोजमध्ये १०.९ दिसली म्हणून दुकानदाराशी भांडू नका. मोजण्याच्या दोन पद्धतींतला तो फरक आहे.

८ आणि १० टीबीमध्ये हवेच्या आणि हेलियमच्या दोन्ही डिस्क मिळतात. ओळखायचे कसे? डिस्क हातात घेऊन वरची बाजू बघा. हेलियमच्या झाकणावर कडेने स्क्रू दिसत नाहीत, सपाट पत्रा असतो आणि त्याच्या काठावर वेल्डिंगची बारीक सलग रेघ दिसते. श्वासाचे छिद्र नसते आणि ते झाकू नका ही सूचनाही नसते. झाकणावर स्क्रूंची रांग दिसली तर ती हवेची समजा.

रेडमध्ये (अनेक डिस्कची एकत्र बांधणी) किंवा नासमध्ये (नेटवर्कवरची साठवणीची पेटी) घालणार असाल तर सीएमआर (डेटाच्या रेघा शेजारी-शेजारी) लिहिलेलीच घ्या. एसएमआरच्या (रेघा एकमेकींवर थोड्या चढवलेल्या) डिस्क रेड पुन्हा बांधताना फार मंदावतात. पैसे देण्याआधी अनुक्रमांक कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकून बघा. कॉम्प्युटर कंपन्यांना घाऊक दिलेल्या डिस्क सुट्या विकल्या जातात आणि त्यांची वॉरंटी ग्राहकाला मिळत नाही. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची एक वेगळी नोंद असते. नेहमीच्या स्मार्ट यादीत (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते ती यादी) चाललेले तास शून्य दिसत असतील आणि फार्ममध्ये हजारो, तर ती डिस्क वापरलेली आहे. स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रामच्या ७.४ आणि नंतरच्या आवृत्तीत ही नोंद वाचता येते.

बसवताना

खोक्यातून काढताना डिस्क कडेने धरा. वरचे झाकण पातळ आहे. त्यावर अंगठा दाबू नका, पेचकस टेकवू नका, स्टिकर खरवडू नका. पोचा पडलेली डिस्क नवी असली तरी परत करा.

इथे एक अडचण बहुतेकांना अचानक भेटते. जास्त तबकड्यांमुळे आत जागाच उरलेली नसते, म्हणून खालच्या बाजूच्या मधल्या दोन स्क्रूची भोके हलवलेली असतात. जुन्या डिस्कमध्ये पुढच्या आणि मधल्या भोकांत ४४.४५ मिमी अंतर असते, हेलियमच्या बऱ्याच डिस्कमध्ये ७६.२ मिमी. बाजूचे मधले भोकही अनेकदा नसते. जुन्या कॅबिनेटची किंवा एनव्हीआरची पट्टी मग जुळत नाही आणि कारागीर दोनच स्क्रूंवर डिस्क लटकवतो किंवा, त्याहून वाईट, पट्टी जुळवायला डिस्क जागेवर ठेवूनच ड्रिल चालवतो. भोक पाडायचे तर पट्टी पूर्ण बाहेर काढून पाडा आणि धातूचा कीस पुसून मगच डिस्क आणा. दोन स्क्रूंवर लटकलेली डिस्क थरथरते आणि थरथरली की लिहिण्याचा वेग उतरतो.

स्क्रू जाड आट्यांचे, ६-३२ मापाचे लागतात. एसएसडीचे बारीक आट्यांचे एम३ स्क्रू सैल बसतात, आणि जोर लावला की आटे खातात. स्क्रू डिस्कमध्ये ३ ते ३.५ मिमीहून खोल जाऊ नये. चारही स्क्रू आधी हाताने अर्धे बसवा, मग तिरपे-समोरासमोर आवळा. डिस्क आडवी किंवा उभी, दोन्ही चालते. तिरकी ठेवू नका.

डिस्क फिरतच नसेल

नवी डिस्क जोडली, एसएमपीएस (कॉम्प्युटरचा वीजपुरवठ्याचा डबा) चालू आहे, तरी डिस्क गप्प. अशा वेळी दहापैकी बऱ्याचदा डिस्क ठीक असते. मोठ्या क्षमतेच्या काही डिस्कमध्ये साटा पॉवर जोडणीची तिसरी पिन दूरवरून डिस्क बंद करण्यासाठी राखलेली असते. जुने एसएमपीएस त्याच पिनवर ३.३ व्होल्ट देतात आणि डिस्क समजते, आपल्याला बंद राहायला सांगितले आहे. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ती तपकिरी-पिवळी कॅप्टॉन टेप घ्या, साडेतीन-चार मिमी रुंद पट्टी कापा आणि डेटाच्या खाचेकडून मोजत डिस्कच्या पहिल्या तीन पिनांवर गुळगुळीत चिकटवा. साधी सेलोटेप नको. उष्णतेने तिचा चिकटा वितळून पिनांवर पसरतो. मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या पॉवर प्लगवरून साटा करणारी जोडणी हाही उपाय आहे, पण एकाच प्लॅस्टिकच्या साच्यात ओतलेली स्वस्त जोडणी घेऊ नका. तिच्या आत तारा एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. तारा वेगवेगळ्या, दाबून बसवलेल्या दिसतात ती घ्या.

सुरू होताना एक डिस्क १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते. चार डिस्क एकदम उठल्या तर ९६ वॅट, आठ उठल्या तर १९२. नासमध्ये डिस्क एकेक करून उठवायची सोय असते, ती चालू करा.

डिस्क दिसल्यावर जीपीटी (डिस्कचे भाग नोंदण्याची नवी पद्धत) निवडूनच फॉरमॅट करा. एमबीआर ही जुनी पद्धत निवडली तर २ टीबीच्या पुढची जागा हाती लागत नाही.

ऊन, ओलावा आणि गंधक

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. या उंचीने कुठल्याही डिस्कला फरक पडत नाही. पडतो तो एप्रिल-मेच्या चाळिशीपार उन्हाने. डिस्कची कागदावरची मर्यादा ६० अंश असते, पण ४५च्या खाली ठेवा आणि ५० दिसले की त्याच दिवशी काहीतरी करा. हेलियम उष्णता हवेच्या जवळपास सहापट चांगली वाहतो, त्यामुळे आतली धग लवकर बाहेरच्या धातूपर्यंत येते. पण धातूवरून ती पुढे न्यायला वाहती हवाच लागते. काचेच्या दाराच्या भिंतीवरच्या रॅकमध्ये, वर छताचा पत्रा, अशा जागी डिस्क खोलीपेक्षा सहज पंधरा अंश जास्त तापते. दार काढा किंवा वर १२० मिमीचा पंखा बाहेर फेकणारा लावा. कप्पे जास्त असतील तर एक सोडून एक वापरा.

सीलबंद म्हणजे धुळीपासून आणि पावसापासून पूर्ण सुरक्षित, असा समज करून घेऊ नका. सील आहे ते तबकड्यांच्या पेटीला. पाठीवरचा सर्किट बोर्ड आणि जोडणीच्या पिना उघड्याच असतात. द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये हे जास्त जपायला हवे. निर्यातीच्या पेट्यांत सल्फर डायऑक्साइड सोडणारे कागद घालतात. तो वायू ओलाव्यासोबत तांब्याला खातो. एनव्हीआर पॅकिंगच्या हॉलमध्ये ठेवू नका, ऑफिसात आणा आणि केबल लांबवा. प्रीकूलिंगच्या (फळे आधी थंड करण्याच्या) खोलीत तर मुळीच नको. डिस्कची खालची मर्यादा ५ अंश आहे, तिथले तापमान त्याहून खाली जाते. थंड जागेतून आणलेली डिस्क पिशवीचे तोंड बंद ठेवून तीन-चार तास खोलीत पडू द्या, मगच जोडा. नाहीतर बोर्डवर दव धरते. हेच निफाडकडच्या थंडीत रात्रभर गाडीत राहिलेल्या डिस्कलाही लागू.

आणि लाइट. वीज अचानक गेली की डिस्क फिरत्या तबकड्यांच्या उरलेल्या वेगातून वीज घेऊन हेड घाईने बाजूला नेते. हे तिला जमते, पण मोजक्या वेळा. स्मार्ट यादीत १९२ क्रमांकाची नोंद अशा घाईच्या निवृत्त्या मोजते. यूपीएस लावा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्याच्यावरचे यूपीएस मोडचे बटण चालू आहे का पाहा. साध्या मोडमध्ये बदलाचा क्षण लांबतो आणि मशीन बंद पडते.

पहिल्या तीन दिवसांची चाचणी

डेटा टाकण्याआधी पूर्ण डिस्क एकदा लिहून, वाचून बघा. १६ टीबी सरासरी सेकंदाला २०० एमबीने लिहायला सुमारे २२ तास लागतात, वाचायला पुन्हा तेवढेच. त्यानंतर स्मार्टची दीर्घ चाचणी चालवा. तीही दिवसभराची असते. मध्ये मशीन झोपू देऊ नका, चाचणी अर्धवट तुटते. नव्या डिस्कमध्ये दोष असेल तर तो बहुतेक याच दिवसांत वर येतो. रेडमधली डिस्क बदलल्यावरही पुन्हा बांधणीला असाच वेळ लागतो, हे लक्षात ठेवून सुटी डिस्क आधीच जवळ असू द्या.

या काळात काही आवाज येतील. डब्ल्यूडीच्या मोठ्या डिस्कमधून दर पाचेक सेकंदांनी टक असा हलका आवाज येतो. तेल आणि झीज एकाच जागी साचू नये म्हणून ती हेड हलवते. तो बिघाड नाही. ओळीने कट्-कट् करून डिस्क थांबत आणि पुन्हा सुरू होत असेल, तर ती परत करा.

हेलियम आहे की गेला

क्रिस्टलडिस्कइन्फो हा स्मार्ट यादी दाखवणारा प्रोग्राम उघडा. डब्ल्यूडी आणि एचजीएसटीच्या डिस्कमध्ये हेलियमची पातळी २२ क्रमांकाला असते. हा प्रोग्राम मात्र क्रमांक सोळाच्या पायाने दाखवतो, म्हणून यादीत १६ शोधा. चालू किंमत १०० हवी. शेवटच्या रकान्यात ६४ दिसले तर दचकू नका. सोळाच्या पायावरचे ६४ म्हणजे आपले १००. तोशिबात २३ आणि २४ अशा दोन नोंदी असतात, यादीत त्या १७ आणि १८ दिसतात. सीगेटच्या एक्सॉसमध्ये दाबाची नोंद २०० क्रमांकाला, यादीत सी८. शेवटच्या रकान्यातल्या आकड्यांचा घोळ टाळायचा तर प्रोग्रामच्या मेनूतून रॉ किंमत (तो शेवटचा रकाना) दहाच्या पायावर करून घ्या; क्रमांक मात्र सोळाच्या पायावरच राहतात.

डब्ल्यूडीची धोक्याची रेघ २५ आहे, तोशिबाची ७५. त्या रेघेची वाट बघू नका. १००चे ९९ झाले तरी ती डिस्क संशयित माना. वायू निसटतो तेव्हा हेलियम बाहेर जातो, पण हवा त्याच बारीक वाटेने तितक्या लवकर आत येत नाही. आतला दाब उतरतो, हेडखालची गादी पातळ होते आणि हेड तबकडीच्या जवळ येते. मग ५ आणि १९७ (यादीत सी५) क्रमांकाच्या नोंदी, म्हणजे बदललेले आणि संशयित सेक्टर, वाढू लागतात. पातळी, तापमान आणि हे दोन आकडे दर महिन्याच्या एक तारखेला वहीत लिहा, डिस्कच्या अनुक्रमांकासमोर.

पातळी घसरलेली दिसली तर डिस्क बंद-चालू करत बसू नका. चालू आहे तोवर आधी ज्याची दुसरी प्रत नाही ते उतरवा: हिशेबाच्या फाइली, मूळ फुटेज, ग्राहकांचे फोटो. उरलेले नंतर. पूर्ण तपासणी किंवा दुरुस्तीचा प्रोग्राम त्या वेळी चालवू नका, तो डिस्कला तासन् तास रगडतो. डिस्क उघडून दुरुस्त होईल अशी आशाही धरू नका. झाकण कापले की हेलियम गेला. हेड बदलून साध्या हवेत डेटा काढायचे जुने तंत्र इथे भरवशाने चालत नाही आणि प्रयोगशाळेचा खर्चही बराच वाढतो. आतला वायू पेटत नाही आणि त्याचा दाबही बाहेरच्या हवेच्या आसपासच असतो, त्यामुळे फुटण्याची भीती मात्र नाही.

प्रत उतरली की डिस्कवर शून्ये लिहून ती पुसा, आकड्यांचा स्क्रीनशॉट घ्या आणि वॉरंटीचा अर्ज करा. पाठवताना स्थिरवीजरोधक पिशवी, भोवती सगळ्या बाजूंनी पाच सेंटीमीटर फोम आणि जाड पुठ्ठ्याचे खोके. वर्तमानपत्राचे बोळे आपटल्यावर दबतात आणि झाकणाला पोचा पडतो. पोचा दिसला की कंपनी दावा नाकारू शकते, म्हणून बंद करण्याआधी डिस्कच्या सहाही बाजूंचे फोटो काढून ठेवा.